सोडा सोडा

माझ्या लिंबू-सोड्याच्या बाटलीवर त्याने 'नमुना क्रमांक तेरा' अशी चिठ्ठी चिकटवली, तिथून हे सगळं सुरू झालं.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी. शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून माझ्या टेबलावर येतं, मी ते तपासते आणि अहवालावर 'पिण्यास योग्य' असा शिक्का मारते. दिवसाला चाळीसेक शिक्के. स्वतः मात्र पाण्याचा थेंब घेत नव्हते. तहान लागली की सोडा, भूक लागली की सोडा, कंटाळा आला की… सोडाच.

नमुने आणणारा माणूस त्या दिवशी नवीन होता. त्याने बारा बाटल्या ओळीने मांडल्या, शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बाटलीलाही चिठ्ठी लावली आणि मान खाली घालून तक्ता भरू लागला. रंग : नाही. वास : लिंबाचा. मग बाटली खिडकीच्या उजेडात धरून त्याने एक रकाना स्वतःच आखला. बुडबुडे : आहेत.

"या नळाची तक्रार करायला हवी," तो गंभीरपणे म्हणाला.

"तो नळ माझा आहे. ठेवा खाली."

त्याचे कान लाल झाले. पण बाटली ठेवण्याआधी त्याने तिचं झाकण घट्ट फिरवलं – बुडबुडे उडून जाऊ नयेत म्हणून. ते माझ्या लक्षात राहिलं. का, ते विचारू नका.

प्रयोगशाळेत त्याचं नाव दुपारपर्यंत पडलंसुद्धा. 'नमुना'. आला का नमुना? काय म्हणतोय आपला नमुना? तोही ओ द्यायचा.

आता, प्रेमकथेत मूतखडा यावा हे काही बरं नाही. पण आला. नमुना येण्याच्या महिनाभर आधी पोटात अशी कळ उठली की मी भिंत धरून खाली बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खडा लहान आहे तोवर सोडा सोडा आणि पाणी प्या, नाहीतर कापाकापी करावी लागेल. झालं! त्या दिवसापासून घरात एकच मंत्र. आई म्हणे, सोडा सोड. वहिनी म्हणे, ताई, सोडा सोडा ना. आत्याने एक स्थळ आणलं, तर तो पहिल्याच भेटीत म्हणाला की लग्नानंतर हे सोडावं लागेल. मी त्यालाच सोडलं. आणि दिवसाच्या चार बाटल्यांच्या पाच केल्या.

खरं सांगायचं तर खड्याची भीती मलाही वाटत होती. रात्री कूस बदलतानासुद्धा मी जपून बदलायची. पण आता सोडा सोडला, तर तो त्यांनी सोडवला असं होणार होतं. आणि एकदा जिंकलेली माणसं सोड्यावर थांबत नाहीत. उद्या नोकरी, परवा नवरा…

प्रयोगशाळेतल्या गप्पांतून खड्याची गोष्ट नमुन्याच्याही कानावर गेली, तो मात्र काही बोलला नाही. दुसऱ्याच दिवसापासून तो बाराच्या जागी तेरा बाटल्या आणू लागला. तेरावी स्वच्छ धुतलेली, पिण्याच्या पाण्याची. "टेकडीवरच्या टाकीचं आहे," तो म्हणायचा. "कालच तुम्ही पास केलंत." एवढंच. मी ती बाटली त्याच्यादेखत खिडकीतल्या रोपाला ओतायची. रोप असं फोफावलं की खिडकी लागेना.

एकदा मी चष्मा घरी विसरले म्हणून आई तो घेऊन आली. माझ्या टेबलावरची सोड्याची बाटली बघितली आणि तिने नमुन्यालाच पकडलं. तुम्ही पाण्यातली माणसं, तुम्ही तरी हिला सांगा, म्हणाली.

झालं. आता हाही…

"काकू," तो हळूच म्हणाला, "मला पाण्याचं कळतं. त्यांचं त्यांना कळतं."

जाताना आई माझ्या कानात म्हणाली, हा काही कामाचा नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. आला तो राग. आई जिना उतरते न उतरते, तोच मी त्याच्यावर उसळले. जगातलं प्रत्येक माणूस मला सांगतं, तुम्हालाच तेवढं काही वाटत नाही का?

तो बाटली पुसत होता. पुसतच राहिला. "वाटतं," म्हणाला. "पण सांगणारे पुष्कळ आहेत… म्हणून मी आणतो."

त्या दिवशी तेराव्या बाटलीतलं अर्धंच पाणी रोपाला मिळालं.

पाण्याला चव नसते, हे किती खरं आहे ते मला तेव्हा कळलं. तीन दिवस डोकं ठणकत होतं. सोड्याच्या दुकानावरून जाताना मी रस्त्याची बाजू बदलायची. चौथ्या दिवशी बदलली नाही, आणि उभ्या उभ्या एक बाटली संपवली. पाचव्या दिवसापासून पुन्हा पाणी. पण कुणाला कळू दिलं नाही. सोड्याच्या रिकाम्या बाटलीत मी पाणी भरायची. आई सुस्कारे टाकायची, आणि मी तिच्या नाकावर टिच्चून पाणी प्यायची.

तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी नमुन्याने बाटल्या मांडल्या आणि खिडकीकडे बघत राहिला.

"रोप सुकलंय," तो म्हणाला.

मग माझी बाटली उचलून त्याने उजेडात धरली. आडवी केली. पुन्हा उभी केली. मी बघत होते. तो 'शाब्बास' म्हणाला असता, तर मी त्याच पावली खाली जाऊन सोड्याच्या दोन बाटल्या आणणार होते. ठरवलंच होतं मी.

तो कोरा तक्ता पुढे ओढून लिहू लागला. रंग : नाही. वास : नाही. बुडबुडे : नाहीत. शेवटचा रकाना चवीचा. नमुना कुणी चाखत नाही, म्हणून त्या रकान्यात आम्ही नेहमी आडवी रेघ मारतो. त्याने रेघ मारली नाही. पेन माझ्याकडे सरकवलं.

मी लिहिलं – सवय लागते आहे.

त्याने ते दोनदा वाचलं. "पाण्याची?"

"पाणी काय, कुठल्याही नळाला येतं," मी म्हणाले, आणि त्याचा हात धरला. सकाळपासून नळाखाली भिजलेला, गार हात.

बाहेर साहेबांचे बूट वाजले.

"सोडा…" तो कुजबुजला. "साहेब येतायत. अहो, सोडा ना."

इतक्या दिवसांत हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं," मी म्हणाले. "सोडा म्हटलं की मी सोडत नाही."

साहेबांनी दार उघडलं. मी सोडला नाही.