एका बाजूला वीस मिनिटं

"ओ, ओ, म्याडम! डबा नका ठिवू तितं!"

साहिलचं माझ्याशी पहिलं वाक्य हे. अंगणातल्या खाटेवर त्यानं फडकं पसरून गाण्याच्या काळ्या रेकॉर्डी मांडल्या होत्या, आणि मी ऑफिसातून दमून आलेली, डबा टेकवायला जागा शोधत होते.

"अहो, रेकॉर्ड आहे, तान्हं बाळ नाही!"

"बाळाचं खरचटल्यालं भरून येतं. हिचं न्हाई."

वाटलं, द्यावी एक ठेवून. पण त्याचे डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर. मी किमया, हिंगोलीची. हिंजवडीत नोकरी, आणि जवळच्या नेरे गावात हैबतरावांच्या घरी वरची खोली भाड्यानं. साहिल त्यांचा मुलगा, गावोगावच्या लग्नांना स्पीकर लावतो.

"माझ्या फोनमध्ये कोटीभर गाणी आहेत," मी ऐकवलं.

"पुरं ऐकलंय का त्यातलं एखादं?" तो रेकॉर्ड पुसत म्हणाला. "खाली समदं ऐकू येतं. एक सुरू केलं, की लगीच दुसरं. एकपन गाणं शेवटाला जात न्हाई तुमचं."

इतका राग आला! तणतणत जिना चढले, आणि निम्म्यात लक्षात आलं — म्हणजे हा रोज माझ्या खोलीकडे कान लावून बसतो की काय? त्याचा राग मात्र आला नाही.

त्याच आठवड्यात हैबतरावांनी जाहीर केलं, की धाकट्या लेकीचं, शुभांगीचं लग्न झालं की रेकॉर्डी धरणाकडच्या एका रिसॉर्टवाल्याला द्यायच्या, भिंतीवर टांगायला. साहिलचं तोंड एवढंसं झालं. आणि मला मेलीला राहवलं नाही.

"मी सगळी गाणी कॉम्प्युटरवर उतरवून देते. दोन दिवसांचं काम!"

दोन दिवस! कुठल्या मुहूर्तावर बोलले कोण जाणे. रेकॉर्ड पळवता येत नाही. एका बाजूला वीस मिनिटं, म्हणजे वीसच मिनिटं. वर या साहेबांचा नियम — गाणं चालू असताना बोलायचं नाही. रोज संध्याकाळी मी चटईवर, समोर हा डोळे मिटून. बाहेर परतीच्या पावसाची रिपरिप, कापायला आलेल्या भाताचा वास... आणि मी बसलेय त्याच्या मनगटावरचा तीळ पाठ करत. बाजू पलटताना मिळेल तेवढंच बोलणं.

"फोनवर हेच गाणं किती स्वच्छ ऐकू येतं. खरखर नाही, काही नाही."

"व्हय. धुऊन इस्त्री केल्यागत."

"मग वाईट काय त्यात?"

"वाईट न्हाई. पर फोनवर ऐकायचं असतं, तर तुमी हितं कशाला बसला असता?"

असं म्हणून मी तोंड उघडायच्या आत त्यानं सुई टेकवली! पुढची वीस मिनिटं मी लालबुंद होऊन गप्प. हा काय छळ झाला का?

मग ऑफिसातून निरोप आला. हैदराबादला बढती, हवी की नको, सोमवारपर्यंत कळवा. मी मुद्दाम बाजू पलटताना सांगितलं. त्यानं 'जाऊ नका' म्हणावं, एवढंच हवं होतं मला. साहिल बराच वेळ सुई पुसत राहिला.

"चांगलं झालं की," तो म्हणाला. "मग शुभांगीच्या हळदीचं गाणं आधी उरकूया."

उरकूया! भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं — त्याचं.

त्या हळदीच्या रेकॉर्डला चरा होता. एका ओळीवर सुई अडकायची आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहायची. रुसले होते, तरी दोन संध्याकाळी खपून मी ती जागा कॉम्प्युटरवर बेमालूम सांधली. आपल्या हातचं काहीतरी नीट याच्याकडे राहावं, असं वाटलं. साहिलनं ऐकलं. काहीतरी बोलायला गेला... आणि "लई भारी," एवढंच म्हणाला.

शनिवारी दुपारी हळद. स्पीकरवर माझं स्वच्छ गाणं लागलं. ती ओळ आली, मांडवातल्या सगळ्या बायका टाळ्या वाजवत तीच ओळ परत परत म्हणायला लागल्या, आणि गाणं आपलं पुढं निघून गेलं! एकच गोंधळ. शुभांगी पाटावर तोंड उघडून बसलेली.

"गाणं अडाकलं का न्हाई?" साहिलची आत्या रंभाबाई कडाडली. "नवरीनं नाव घेतल्याबिगर गाणं फुडं जात न्हाई आमच्यात! कुनी केला ह्यो शानपना?"

चाळीस वर्षं या घरातल्या प्रत्येक नवरीनं त्या अडकलेल्या ओळीवर नवऱ्याचं नाव घेतलं होतं, मगच कुणीतरी सुई पुढं ढकललेली. आणि मी ते दुरुस्त करून ठेवलं होतं! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. साहिलनं धावत जाऊन रेकॉर्डचं मशीन आणलं. सुई अडकली, बायका गायला लागल्या, शुभांगीनं लाजत नाव घेतलं. मी मांडवामागं उभी राहून डोळे पुसत होते.

तो तिथं आला. गालाला हळद, दोन्ही हात पिवळे.

"तुला माहीत होतं! मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी इतका जीव लावून केलं व्हतं... बोलवलं न्हाई."

"बोलवत नाही! तुला काहीच कसं बोलवत नाही रे? परवा मला ऑफिसला उत्तर द्यायचंय! मला तू आवडतोस, कळतंय का? असा मख्ख, असा घुम्या... तरी तूच. आता तरी बोल काहीतरी!"

"रिसॉर्टवाल्याला मी महिन्यामागंच न्हाई म्हनून सांगितलं. वडलांनापन पटलं."

"काय? मग महिनाभर मी रोज दोन-दोन तास... कशासाठी?"

"काम संपलं असतं, तर तुमी खाली आला नसता." आता तो सरळ माझ्याकडे बघत होता. "बढती तुमची हाय. मी कोन अडवनार? पर... जाऊ नका. मला लई आवडता तुमी."

राग, हसू, रडू — सगळं एकदमच आलं. मी त्याचा हळदीचा हात घट्ट धरला.

"हैदराबाद गेलं खड्ड्यात. बढती इथंही मिळवेन मी. पण माझ्या आईशी तू बोलायचं. आत्ता."

"आत्ता?" पठ्ठ्या पांढराफटक पडला.

मी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या तोंडापुढं धरला.

"नमस्कार काकू... मी साहिल. किमया म्याडमच्या... खोलीच्या खालचा."

मी कपाळावर हात मारला. पलीकडे आई मात्र शांत.

"माहीत आहे, बाबा. दोन महिन्यांपासून रोज तासभर तुझंच गाऱ्हाणं ऐकू लागले मी. बोल, हिंगोलीला कधी येऊ लागलास?"