हवामान बदलातलं मोलाचं योगदान

फेब्रुवारीत सोलापुरात पाऊस पडला, की कुणाच्या तरी लग्नाचा मांडव भिजतो आणि नवरीने लहानपणी कढईतलं खरवडून खाल्लं असणार, असं एकमताने ठरतं. हवामानशास्त्र आपल्याकडे इतकं सोपं आहे.

अशाच एका दुपारी नव्या पेठेत अवकाळी सर आली आणि मल्हारच्या फ्लेक्सच्या दुकानात एक मुलगी आडोशाला शिरली. तिने ओढणीचं टोक पिळलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला... आणि समोरच्या भिंतीवर तिला स्वतःचाच आठ फुटी चेहरा दिसला.

मल्हार बघतच राहिला. दोन दिवस तो कॉम्प्युटरवर त्या चेहऱ्याचे रंग दुरुस्त करत बसला होता. दुरुस्तीला काही जागाच नव्हती, हे आता कळत होतं.

ती मोठ्यांदा वाचत होती. "जागतिक हवामान बदलात मोलाचे योगदान दिल्याबद्दल डॉ. अपेक्षा यांचा भव्य सत्कार." मग वळली. "म्हणजे हा पाऊस मी पाडलाय?"

"छे... मॅडम, मजकूर कॉलेजचा. मी फक्त शुद्धलेखन बघतो."

"शुद्ध आहे की. नुसतं खोटं आहे."

"तसं म्हणू नका. तुमचा फ्लेक्स टांगला आणि दहा मिनिटांत सर आली."

"एवढ्या पुराव्यावर आम्ही काही छापत नाही."

"आम्ही छापतो."

ती हसली. पाऊस थांबला. ती मात्र आणखी अर्धा तास थांबली.

अपेक्षा सांगोल्याकडची. पुण्यात राहून ती दुष्काळी भागातला पाऊस कसा सरकत चाललाय, ते शोधत होती. त्या कामाच्या गौरवासाठी जगभरातून निवडलेल्या सहा शास्त्रज्ञांत तिचं नाव आलं होतं आणि तिच्या जुन्या कॉलेजला ती आपली असल्याची अचानक आठवण झाली होती. तिची अर्धी माहिती उपग्रहांची होती. उरलेली अर्धी वडिलांच्या खुंटीवरची.

"खुंटीवरची?"

"आप्पा मेंढरं राखतात. मृग निघाला, की लोकरीचा एक काळा दोरा घ्यायचा आणि ओढ्याला पहिलं पाणी येईपर्यंत रोज एक गाठ मारायची. असे चौतीस वर्षांचे चौतीस दोरे आहेत. मी आकडे त्यांच्यावरच शिकले. ज्या वर्षाच्या गाठी मोजता मोजता झोप लागायची... ते वर्ष वाईट."

त्यानंतर मजकुराची दुरुस्ती बघायला ती रोज येऊ लागली. एका ओळीला तीन दिवस लागत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी ती आली, तेव्हा डोळे लाल होते. आणि पुण्याची भाषा गळून पडली होती.

"आप्पा सत्काराला येत न्हाईत. तुमी त्योच मजकूर छापल्याली सत्काराची पत्रिका गावात कुणीतरी चावडीवर वाचली. लोक इचारतात, पाऊस बिघडवला ती मायाप्पाचीच पोरगी व्हय? दुष्काळात मेंढरं मेलेली माणसं हायेत ती. मी फोनवर समजावून दमले. आप्पा म्हणतात, छापल्यालं खोटं कसं आसंल?" तिने चष्मा काढला. "अर्धं काम त्यांचं आहे. ते नसतील, तर मीही स्टेजवर जाणार नाही."

मल्हारने माउसवरचा हात काढला.

"मॅडम... कॉलेजचा मजकूर बरोबर होता. 'बदलाच्या अभ्यासात' असं होतं. अकरा पाहुण्यांचे फोटो बसेनात. म्हणून मी अभ्यास काढला."

"पाहुणे काढायचे!"

"पाहुणे मोठे होते."

ती निघून गेली. जाताना तिने काचेचं दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं, तर मल्हारला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलला नव्या फ्लेक्सची गुंडाळी बांधून तो सांगोल्याच्या वाटेला लागला. विचारत विचारत गावात पोहोचला, तेव्हा मायाप्पा बाभळीखाली मेंढरांत उभे होते.

"कोन तुमी?"

"पत्रिका छापणारा."

"मंग छापलंय ते खरं का?"

"न्हाई आप्पा. तुमच्या पोरीनं पाऊस बिघडवला न्हाई. तो कसा बिघडला, किती, कधीपासनं, ते तिनं शोधलं. बिघडवलं ते मी. एक शब्द खाल्ला."

"कुटला?"

"अभ्यास."

मायाप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "त्योच बरा खाल्लास! पोरगी पंदरा वर्सं तेवडंच करतीया की!"

मल्हारने फ्लेक्स जमिनीवर पसरला. अकरा पाहुणे गायब होते. अपेक्षाचा फोटो होता, शब्द जागेवर होता आणि खाली तितक्याच मोठ्या अक्षरांत आणखी एक ओळ होती. मल्हारने ती वाचली. "ओढ्याच्या पाण्याची चौतीस वर्षे नोंद ठेवणारे, मायाप्पा."

"पुन्ना वाच."

दुसऱ्यांदा वाचेपर्यंत चावडीवरची माणसं आली. तिसऱ्यांदा मायाप्पांनी "मोट्यानं" म्हणून बजावलं. एक कोकरू पाहुण्यांच्या मोकळ्या जागेवर जाऊन उभं राहिलं. त्याला कुणी हटकलं नाही.

सत्काराला अकरा पाहुणे पहिल्या रांगेत बसून फ्लेक्सवर स्वतःला शोधत होते. अध्यक्ष शाल उलगडतायत तोवर मायाप्पांनी आपल्या खांद्यावरची घोंगडी लेकीच्या खांद्यावर टाकली. कुणीतरी माइक पुढे केला. मायाप्पांनी चौतीस दोरे हातात उंच धरले.

"म्या गाठी मारल्या. हिनं त्या जगाला सोडवून दावल्या. माजी पोरगी हाय ही."

एवढंच बोलले. सभागृह उभं राहिलं. अपेक्षाने घोंगडी अंगाशी घट्ट ओढून घेतली आणि टाळ्या संपेपर्यंत मान ताठ ठेवली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती फ्लेक्सची दोरी सोडणाऱ्या मल्हारपाशी आली. घोंगडी अजून अंगावरच होती.

"शुद्धलेखन बरं झालंय."

"मॅडम, अजून एक मजकूर आहे... जागेवर बसत नाही."

"पुन्हा काही गाळलंत?"

"गाळलं नाही. लिहायचंच धाडस होईना."

"अभ्यास केलाय का?"

"आठ दिवस. दुसरं काही केलंच नाही."

तिने एकदा त्याच्याकडे, एकदा फ्लेक्सकडे पाहिलं. "मग छापा. पण फोटो दोनच."

मायाप्पांनी लग्नाला होकार दिला, मुहूर्त मात्र स्वतः काढला. "वढ्याला पानी यील, त्येच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे नक्की कधी?" मल्हारने शास्त्रज्ञांना विचारलं.

"एवढं नक्की सांगता आलं असतं," अपेक्षा म्हणाली, "तर मी अजून अभ्यास कशाला केला असता?"

मृग निघाला. मायाप्पांनी पस्तिसावा दोरा घेतला. रोज संध्याकाळी अपेक्षाचा फोन यायचा. आज सातवी. आज अकरावी. आज एकोणिसावी.

विसाव्या गाठीच्या दिवशी सोलापूरजवळच्या कुंभारी गावातल्या घरात मल्हारची आई स्वयंपाकघरात आली, तर लेक चुलीपाशी बसून कढईतच भाकरी बुडवून जेवत होता.

"ताट न्हाई व्हय रं घरात?"

मल्हारने कढईचा तळ बोटाने पुसून घेतला. "आई," तो म्हणाला, "हवामान बदलात योगदान देतोय."