चाकाखालचा धोंडा

नितेश परबच्या जीपला तेहतीस इंची टायर चढले, तेव्हा जोगेश्वरीच्या त्याच्या गॅरेजसमोर बघ्यांची जत्राच जमली. स्प्रिंगा बदलून गाडी आधीच चार इंच उचललेली, त्यात हे दांडगे टायर. बायको श्वेता म्हणाली, "आता आत चढायला शिडी दे, म्हणजे झालं!" हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अक्कलही नसते. गाडी उचलली की ब्रेकचा रबरी पाइपही लांब घालावा लागतो, नाहीतर ताणून तुटतो. नितेशला हे पाठ होतं. "उद्या बदलतो," म्हणाला आणि जुनाच ठेवला.

टायर मडगार्डला घासतो की नाही हे सपाट रस्त्यावर कळत नाही. एक चाक उंचावर चढवून स्टिअरिंग फिरवून बघावं लागतं. म्हणून दुपारची दोघं आरे कॉलनीत गेली. तबेल्यांच्या पाठीमागे चढाचा माळ आहे, गवतात जागोजाग काळे धोंडे. नितेशने पुढचं डावं चाक एका धोंड्यावर चढवलं, इंजिन बंद केलं, श्वेताला ब्रेकवर पाय दाबून बसवलं आणि स्वतः खाली सरपटला. मागच्या चाकाला दगड लावायचा राहिला. एरवी याच चुकीवरून गॅरेजमधल्या पोरांच्या नावाने शंख करणारा माणूस!

"फिरव. अजून. बस!"

टायर कुठेच घासत नव्हता. "झकास!" तो खालून ओरडला. मग त्याचा हात धोंड्याला लागला. सावलीतला धोंडा, पण म्हशीच्या पोटासारखा ऊबदार. आणि टायर न् मडगार्डमधली फट सावकाश मिटत होती, सावकाश उघडत होती.

"श्वेता, हलू नकोस ना."

"मी कुठे हलतेय?"

तेवढ्यात ताणलेला पाइप त्याच्या तोंडासमोर फाटकन तुटला.

"नितेश, पेडल खाली गेलं! वाट लागली रे!"

जीप मागे घसरली. अ‍ॅक्सल त्याच्या छातीवर आला. आई म्हणायलाही श्वास उरला नाही.

गाडी थांबली.

मग वर जाऊ लागली.

धोंडा जमिनीतून वर येत होता. ना मातीचा आवाज, ना काही. नितेश कसाबसा बाहेर सरपटला आणि बघतच राहिला. एका चाकावर तोललेली गाडी तसूभर कलली नव्हती. बाकीची तीन चाकं हवेत. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, डोळे भरून आले. असं काही आपल्याला बघायला मिळावं, एवढे आपण कोण, असंच त्याला वाटलं.

"मला उतरव रे," वरून श्वेता रडवेली होऊन म्हणाली. त्याचा हात पोचेना.

कोकणात गावाकडे म्हातारी माणसं देवाला गाऱ्हाणं घालतात, ते एकच त्याला सुचलं. त्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, चूक माझी आसा. माका वाचयलंस, तसा हिकाय सुखरूप खाली ठेव रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. श्वेता वर स्टिअरिंगला मिठी मारून रडत होती. माळावर तिसरं माणूस नव्हतं.

गवतात जिथे जिथे धोंडा होता, तिथून तिथून, अगदी हळू आवाजात, एकदमच आलं,

"व्हय म्हाराजा."

गाडी खाली येऊ लागली.