मागच्या जिन्याचं कुलूप

"मी सुरक्षा समितीचा अध्यक्ष आहे! माझ्या परवानगीशिवाय या इमारतीत माशीसुद्धा शिरणार नाही!" अध्यक्षकाकांनी गळ्यातली शिट्टी फुर्रर्र करून वाजवली.

"माशी तुमच्या टकलावर बसलीय, काका," मिरची म्हणाली.

अंगणात जमलेले शेजारी फिसकन हसले. काकांनी डोळे वटारले, पण मिरची कसली घाबरते! सुट्टी लागल्यापासून ती, तिचा मामेभाऊ भोपळ्या आणि तिसऱ्या मजल्यावरची चष्मिस, तिघं काकांनी लावलेले दिवे बघत होती. काय केलं होतं काकांनी? एक टोपी घेतली, एक शिट्टी घेतली आणि चोर येतील म्हणून मागच्या जिन्याला भलंमोठं कुलूप ठोकलं. किल्ली म्हणे पोलिसांकडे! आणि मोठी माणसं? सगळे नंदीबैल! माना डोलावून मोकळे.

सभा पांगली तेव्हा चष्मिस कुजबुजली, "त्या कुलूपबंद जिन्यात कुणीतरी खोकतं."

तिघांनी दाराला कान लावले. खोक्! खोक्!

"भ... भूत!" भोपळ्या चष्मिसच्या मागे लपला.

"सिगारेट ओढणारं? वास येतोय बघ! गच्चीवर चला!" मिरची म्हणाली.

त्या जिन्याचं गच्चीवरचं छोटं दार नुसतं लोटलेलं होतं. तिघं मांजरीच्या पावलांनी खाली उतरली आणि थबकली. पुढे जिनाच नव्हता! होत्या फोमच्या गाद्या, छतापर्यंत रचलेल्या. मुंगी शिरायला जागा नाही! आणि एका गादीवर लोळत अध्यक्षकाकांचा मेहुणा झुरके मारत होता. बाजारातल्या गादीवाल्या दुकानाचा हाच तो मालक!

चष्मिसचा चेहरा पांढराफटक पडला. "पेटलं तर? माझी आजी काठी घेऊन कुठून उतरेल?"

मिरची धावत घरी गेली. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकंही काढलं नाही. "लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. काका इमारतीसाठी एवढं करतात!"

मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ऐकत नाहीत ना? मग काकांच्याच तोंडून वदवते!"

संध्याकाळी अंगण भरलेलं असताना ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "मागच्या जिन्यात चोर! सगळं उचलून नेतायत!"

"अरे देवा, मेहुण्याच्या गाद्या!" काका किंचाळले आणि पोलिसांकडे असलेली किल्ली खिशातून काढून धावत सुटले.

सगळ्यांनी आ वासला. "कसल्या गाद्या?" मिरचीच्या बाबांनी विचारलं.

काका उत्तर द्यायला थांबलेच नाहीत. त्यांनी दार उघडलं आणि आतून काळ्या धुराचा लोट आला! मेहुणा केव्हाच पसार झाला होता, मागे धुमसतं थोटूक टाकून.

मग मात्र नंदीबैलांची माणसं झाली. शिंपीणकाकूंनी घराघरातून बादल्या गोळा केल्या. नळापासून जिन्यापर्यंत रांग लागली. मिरचीच्या आईने अग्निशमन दलाला फोन लावला. बाबांनी आणि सुतारकाकांनी चष्मिसच्या आजीला खुर्चीसकट पुढच्या जिन्याने खाली आणलं. धुमसणारी गादी ओढून अंगणात भिजवली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला. अध्यक्षकाका तेवढा वेळ काय करत होते? टोपी सावरत होते!

बंबवाले साहेब सगळं तपासून म्हणाले, "थोडा उशीर झाला असता, तर वरच्या मजल्यांवरची माणसं अडकली असती. शाब्बास, पोरांनो!"

"मिरचे, चुकलं माझं," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "ऐकायला हवं होतं."

"हो, हवंच होतं!" मिरची फणकारली.

सुतारकाकांनी कडीकोयंडाच उखडून टाकला. दर आठवड्याला एकेका घराने दोन्ही जिने बघायचे, असं तिथल्या तिथे ठरलं. तेवढ्यात काकांनी घसा खाकरला. "समितीचा अध्यक्ष या नात्याने मी आधीच..."

"अहो अध्यक्ष!" खुर्चीतून आजी कडाडल्या. "तोंड मिटा आणि गाद्या उचला! वरच्या मजल्यापासून!"

आणि अख्ख्या इमारतीसमोर अध्यक्षकाका गादी डोक्यावर घेऊन मुकाट जिना उतरू लागले.