परका माणूस पाहिजे

सकाळचे ऊन त्या इमारतीत घाईने येत नसे. आधी ते कुंपणापलीकडच्या चिंचेच्या शेंड्यावर थबके, मग खोडावरून हळूहळू उतरत पूर्वेच्या लांब पडवीपाशी येई आणि काचांना न जुमानता आत शिरे. बाकावर कुणी ठेवलेल्या काचेच्या पेल्यातून ते आरपार जाई आणि समोरच्या भिंतीवर एक थरथरता कवडसा सोडून देई. एखाद्या पातळ पदरातून गाळून निघताना फरशीवर त्या पदराचा फिकट रंग सांडे. म्हाताऱ्या कानाच्या पाळीतून ते जाई तेव्हा ती पाळी आतून पेटल्यासारखी लाल दिसे. माणसाची छाती आडवी आली की मात्र ते थांबे. तिथून पुढे त्या माणसाची सावली सुरू होई. मुकुल चांदोरकर रोज दाराआड उभा राहून हे पाहत असे. तो या किरणोपचार केंद्रातला भौतिकशास्त्रज्ञ होता. कामावर तो वेळेआधीच येई. पण माणसांत शिरण्यापूर्वी त्याला असे थोडे थांबावे लागे.

पडवीतल्या बाकांवर बसलेली माणसे आजारी नव्हती. ती परीक्षेला आली होती. त्यांचा आजारी माणूस आतल्या टेबलावर निजलेला असे, आणि शेजारी कोण बसल्याने त्याचा श्वास सर्वांत स्थिर राहतो, हे यंत्र ठरवत असे. निवडल्या जाणाऱ्या व्यक्तीला ‘शमक’ म्हणत. शमक ठरणे हा सांगलीत आता घराघरांतल्या मानाचा प्रश्न झाला होता. “थोरल्या सुनेची रेषा सरळ आली, धाकटीची न्हाई,” ही बातमी दिवस मावळायच्या आत गल्लीत पोचे आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पुरे.

त्या सकाळी नेमगोंडा मगदूम सगळे घर घेऊन आले. हळदीच्या बाजारात सौदे पुकारण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि अवघा बाजार त्यांना नेमाण्णा म्हणत असे. त्यांच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागात, हृदयाला अगदी पाठीमागून चिकटून, गाठ होती. उकळता चहा एका दमात पिणाऱ्या या माणसाला आता कोमट पाणीही अडखळत उतरत होते. आवाज मात्र अजून बाजारातलाच होता.

“किरण दोन प्रकारचे आहेत,” मुकुल फरशीकडे पाहत म्हणाला. “एक क्ष-किरण. ते या उन्हासारखे समजा, पण छातीपाशीही न थांबणारे. आरपार जातात आणि वाटेत सगळीकडे थोडी थोडी शक्ती सांडत जातात. दुसरा प्रोटॉनचा. तो आम्ही ठरवू त्या खोलीपर्यंत जातो, आपली बहुतेक शक्ती शेवटच्या पावलावर टाकतो आणि थांबतो. त्याच्यापुढे काही जात नाही.”

“असं बगा,” नेमाण्णा घरच्यांकडे वळून म्हणाले, “एक हमाल फाटक्या पोत्यातनं गावभर हळद सांडत जाणारा. दुसरा मुकाट्यानं येऊन बरोब्बर आपल्याच दारात पोतं टाकणारा. साहेब, आम्हांला दुसरा द्या की!”

मुकुलला हसू आले. त्याने ते आवरले. “गाठ दोन्हींनी सारखीच आटोक्यात येईल असा आमचा अंदाज आहे. फरक वाटेचा आहे. क्ष-किरण हृदयातून जातील. प्रोटॉन पाठीकडून येऊन अलीकडेच थांबेल. पण त्याचा नेम इतका काटेकोर आहे, की श्वास अडखळून छाती हलली तर दारच सरकतं आणि पोतं शेजाऱ्याकडे पडतं.”

“शेजारी कोण?”

“तुमचं हृदय.”

नेमाण्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत एक जाळी आधीच बसवलेली होती. त्यांच्या पत्नी कुसुमताई पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, “मी बसते त्यांच्याजवळ. जन्मभर बसलेच हाय.”

परीक्षा किरण न सोडताच होत असे. शांत निजण्याची ताकीद रुग्णाला देऊन भागत नाही आणि एकटे सोडले तर भीतीने श्वास भरकटतो. ध्वनिमुद्रित आवाजाने फसण्याइतके शरीर भोळे नाही. त्याला जिवंत माणूस लागतो. छातीची प्रत्येक हालचाल पडद्यावर एका रेषेने उमटे. तिला श्वासरेषा म्हणत. तिच्या दोन्ही बाजूंना आखलेल्या पट्ट्याबाहेर ती गेली, की यंत्र आपोआप किरण बंद करी. आरंभी कुणीतरी परका माणूस एक नीरस मजकूर वाचून दाखवी. हा ‘शून्यपाठ’. त्या रेषेशी मग नातेवाइकांच्या रेषा ताडून पाहत. शून्यपाठ मुकुलच वाचत असे आणि मजकूर विटा भाजण्याच्या पद्धतींवर होता.

“भट्टी रचताना हवेला वाट ठेवावी,” मुकुल वाचू लागला. नेमाण्णांची रेषा पट्ट्याच्या मधोमध, कालव्यातल्या पाण्यासारखी, सरळ वाहत राहिली.

धाकटे भाऊ जिनगोंडा बसले, रेषा डगमगली. मुले, सुना, भाचा आळीपाळीने बसले. शेवटी कुसुमताई खुर्चीवर टेकल्या आणि नुसते “आवो” म्हणाल्या. रेषा पट्ट्याबाहेर उडाली आणि त्या उठेपर्यंत आत आली नाही. सर्वांत वाईट रेषा त्यांचीच होती. कुसुमताईंनी पेल्यातले पाणी कुंडीत ओतले, पेला पिशवीत ठेवला आणि त्या उन्हाकडे पाठ करून बसल्या.

असे कधीच झाले नव्हते. एरवी घरातले कुणी ना कुणी शून्यपाठाच्या जवळपास येई. इथे स्थिर रेषा एकाच माणसाची होती, आणि तो परका होता. मुख्य डॉक्टर सरोजिनी केळवकर यांनी निर्णय दिला: मुकुलच शमक.

मुकुलला या नेमणुकीचे नवल वाटले नाही. यंत्राच्या तपासणीसाठी दर सोमवारी त्याला स्वतः टेबलावर निजावे लागे, आणि खुर्चीत कुणीही बसो, त्याची स्वतःची रेषा जराही हलत नसे. आदर्श नमुना म्हणून ती नियंत्रण कक्षात चौकटीत लावली होती. “चांदोरकरांची रेषा म्हणजे पाटबंधारे खात्याचं स्वप्न,” असे तंत्रज्ञ म्हणत. मुकुलला त्या चौकटीचा एक नाजूक, कुणाला न सांगितलेला अभिमान होता.

उपचार सुरू झाले. जाड काचेच्या आडोशाला बसून तो विटांबद्दल वाची आणि पलीकडे किरण आपले काम निमूटपणे करी. काही आठवड्यांत नेमाण्णांना पातळ पेज उतरू लागली. उतरू लागली तसे ते बोलूही लागले.

“कच्च्या विटेला ऊन किती लागतं ओ?” इथून आरंभ झाला. मग “गाव कुठलं?” मग “आई-वडील?” दोघेही नाहीत, हे त्यांना कळले. दुसऱ्या दिवशी निजता निजता त्यांनी विचारले, “जेवलास का रं?”

तिसऱ्या दिवशी कुसुमताईंचा डबा आला. त्या मुकुलशी अजून बोलत नव्हत्या. पण डब्याबरोबर निरोप होता, की दिवस मावळायच्या आत जेवावे. त्यांच्या घरची रीत तशी होती. मुकुल पडवीतल्या बाकावर, उरलेल्या उजेडात, जेवू लागला.

आणि रेषा थरथरू लागली. मुकुल आत आला की ती उसळे. किरण सुरू होई, बंद पडे. एका बैठकीचा किरण पुरा द्यायला दुपार होऊ लागली आणि एके दिवशी तो पुरा झालाच नाही.

“खंड पडला तर गाठीतल्या पेशी सावरतात,” डॉक्टर केळवकर म्हणाल्या. “मुकुल, उद्यापर्यंत दुसरा परका माणूस शोध.”

शोध घेतला गेला. पण सांगलीत नेमाण्णांना परका माणूस मिळणे अवघड होते. नवा वॉचमन आणला, तर निजता निजताच नेमाण्णांनी त्याचे आडनाव विचारून त्याच्या मामाची हळद आपणच विकल्याचे सिद्ध केले. बेळगावच्या परिचारिकेशी ते कानडीत सुरू झाले. ग्रंथपाल मुंबईचे होते, म्हणून आशा होती. पण त्यांची सासुरवाडी सांगलीशेजारच्या समडोळीची निघाली.

शेवटी मुकुलने ठरवले, की आपणच पुन्हा परके व्हावे. त्याने डबा परत पाठवला. आत येताना नजर दिली नाही. “जेवलास का?” या प्रश्नाला उत्तर न देता तो वाचू लागला, “भट्टी रचताना...” रेषा पूर्वी कधी नव्हती इतकी उंच उसळली.

“पोराचं कायतरी बिनसलंय,” नेमाण्णा टेबलावरून ओरडले. “आगोदर त्याला इचारा कुणीतरी!”

परत आलेला डबा मांडीवर घेऊन कुसुमताई पडवीत बसल्या होत्या. मुकुल त्यांच्यापुढे उभा राहिला. आपणहून कुणाशी बोलायला जाणे त्याला कठीण जाई. आज तो गेला.

“काकू, आम्ही रेषा उलटी वाचत होतो. जवळचं माणूस शेजारी आलं की छाती जागेवर राहत नाही. परक्यापुढे राहते. अण्णांची रेषा सर्वांत जास्त तुमच्यासाठी उडाली होती.”

कुसुमताईंनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. “म्हंजे या वयात मी ह्यांची छाती हालवतीय?” त्या म्हणाल्या, आणि एकाएकी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “आन् मग तुमी आजवर ज्यांना निवडलं ते?”

“बहुधा घरातलं सर्वांत दूरचं माणूस,” मुकुल हळू आवाजात म्हणाला.

“आगं बाई! त्या पाटलांच्या थोरल्या सुनेला हे सांगू नका. पेढे वाटलेत तिनं.”

उरलेल्या बैठकांचा निर्णय नेमाण्णांनाच घ्यायचा होता. मुकुलने दोन्ही किरणांच्या वाटांचे नकाशे पडद्यावर मांडले. प्रोटॉनसाठी परगावच्या केंद्रात जावे लागेल. तिथे माणसे अनोळखी असतील, पण जागा मिळेपर्यंत खंड पडेल. क्ष-किरण आजपासून देता येतील. तो झोत रुंद असतो, छातीच्या थोड्या हालचालीने त्याचे फारसे बिघडत नाही आणि शमक लागत नाही. पण तो हृदयातून जाईल, आणि त्याचा परिणाम कदाचित काही वर्षांनी दिसेल. कदाचित दिसणारही नाही.

“परगावात तरी मी किती दिस परका ऱ्हानार?” नेमाण्णा म्हणाले. “सांडणारा हमाल लावा. ही दारापर्यंत येईल, तू डबा खा. हृदयाला लागंल थोडं. त्याला सवय हाय.”

तसेच झाले. शेवटची बैठक शनिवारी पार पडली.

सोमवारी सकाळी मुकुल तपासणीसाठी टेबलावर निजला होता. खुर्चीत बसणारी परिचारिका अजून आली नव्हती. दार उघडले आणि ऊन पाठीशी घेऊन नेमाण्णा आत आले.

“काल भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. सबंद!” त्यांनी जाहीर केले. “म्हटलं सांगून जावं. मी बसतो खुर्चीत. मला वीटभट्टी तोंडपाठ हाय.” आणि सौदा पुकारावा तशा आवाजात ते म्हणू लागले, “भट्टी रचताना हवेला वाट ठेवावी!”

तंत्रज्ञ हसू लागले. पडद्यावर मुकुलची रेषा नेहमीसारखीच सरळ होती.

पाठ संपला. नेमाण्णा उठले, चपला शोधू लागले आणि जाता जाता म्हणाले, “घरी येत जा जेवायला. अंधार पडायच्या आत ये.”

रेषा पट्ट्याबाहेर गेली. पडद्याच्या वरच्या कडेला आपटून ती तिथेच थरथरत राहिली.

“संवेदक बिघडलेला दिसतो,” मुकुल उठून बसत म्हणाला. तंत्रज्ञांनी एकमेकांकडे पाहिले. त्याने तक्रार नोंदवली. पुण्याहून अभियंता आला, त्याने सगळे खोलून पाहिले आणि पुन्हा जोडले. मुकुलने त्याला पुन्हा एकदा पाहायला सांगितले. अभियंत्याने पुन्हा एकदा पाहिले, हात पुसले आणि चहा घेऊन तो निघून गेला.

पडवीत ऊन बाकांपर्यंत आले होते आणि त्या बाकांवर नवी माणसे परीक्षेसाठी येऊन बसली होती. मुकुल दाराआड उभा होता. संवेदक बदलून घ्यावा, अशी दुसरी तक्रार त्याने मनात जुळवली. ती लिहिण्यासाठी तो वळलाही.

यंत्रात काहीही बिघाड नव्हता.