कळ्या केबिनमध्ये, माणूस हौद्यात

"यावर भाकर भाजून निघेल, बाय!"

असं म्हणत एका परक्या पोरानं खिडकीतून सरळ हात आत घातला आणि सुलूच्या ट्रकातल्या एसीच्या झरोक्यापुढं पंजा धरला. विचारणं नाही, सवरणं नाही. सुलूनं त्या पंज्यावर फाडकन चापट मारली.

"हात काढ! नायतर काच वर घेईन."

"घ्या ना," तो हसत म्हणाला. "अडकला तर अडकला. सुटायची घाई हाय कोणाला?"

बोईसरच्या बर्फाच्या कारखान्यापुढं चैत्रातली दुपार नुसती रटरटत होती. त्या पोराच्या खांद्यावर बर्फ ओढायचा आकडा, कानामागं पाना, आणि कोपरापर्यंत हात थंडगार ओले. चापट मारली तेव्हा तो गारवा सुलूच्या बोटांना लागला… आणि घरी पोचेपर्यंत बोटांवरून गेलाच नाही. याचाच तिला जास्त राग आला.

आता हा ट्रक म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. तारापूरच्या बांधकामावर गोरे इंजिनियर आले होते, ते जाताना मागं टाकून गेलेला हा ट्रक. पुढं बैलाच्या मुसक्यासारखं लांब नाक, मागं उघडा हौदा, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडं नाही तर डावीकडं, आणि केबिनमध्ये चक्क एरकंडिशन! साहेबांच्या वेळी तो सुलूचे बाबा आत्माराम चालवायचे. पुढं तो लिलावात निघाला तेव्हा त्यांनीच घेऊन माकुणसारला आपल्या वाडीत आणून उभा केला. सगळं गाव हसलं. पण आत्मारामांचं डोकं वेगळं चाललं होतं. दादरच्या बाजारात संध्याकाळच्या गजऱ्यांना मोगऱ्याची मिटलेली कळी लागते. वाटेत उन्हानं उघडलेल्या फुलाला कुत्रंसुद्धा विचारत नाही. म्हणून त्यांनी करंड्या हौद्यात टाकल्याच नाहीत. त्या बसायच्या केबिनमध्ये, साहेबाच्या गादीवर, एरकंडिशनच्या वाऱ्यात. शेजारपाजारच्या वाड्यांचा मालही मग त्याच गादीवरून जायला लागला.

पुढं आत्मारामांचे गुडघे गेले आणि स्टिअरिंग सुलूच्या हातात आलं. झालं! लोकांच्या तोंडाला खाज सुटली. पोरीनं डोक्यावर करंडी घेऊन सफाळे स्टेशनपर्यंत पायपीट केली तर ती गुणाची. तीच करंडी ट्रकात घालून नेली तर ती हातची गेली. हा यांचा न्याय! आत्माराम ऐकून ऐकून विटले होते. परवाच म्हणाले होते, "सुले, या लग्नसराईत एकदा जरी माल वाटेत उघडला ना, तर ट्रक भंगारात. आणि विरारचं स्थळ सांगून आलंय, त्याला मुकाट हो म्हणायचं."

आणि नेमका आताच एरकंडिशननं दगा दिलेला. पालघरच्या गॅरेजवाल्यानं गॅस भरून पाहिला, परत भरून पाहिला. वारा कोमटच. म्हणून ती बर्फ घ्यायला इथवर आली होती.

"बर्फ नका नेऊ," तो पोरगा म्हणाला. "कळ्या काळ्या पडतील. गाडी माझ्याकडं द्या. कारखान्याची मशीनं मीच बघतो. जानू नाव माझं."

"नाव विचारलं का मी?"

"नाय. पण उद्या शिव्या द्यायला लागेल ना."

सुलूला हसू आलं. तिनं ते ओठांतच चावलं, पण त्यानं पाहिलंच.

मग दर सोमवारी, बाजार मंद असला की, ट्रक बोईसरला यायला लागला. पहिल्या सोमवारी जानूनं बॉनेट उघडून पुढची जाळी काढली. तिच्यात भाताचा कोंडा, कोंबड्यांची पिसं, आणि एक अख्खं वाळलेलं फुलपाखरू. जाळी धुतली, सैल पट्टा आवळला. वारा जरा सुधारला. जानूनं फुलपाखरू फुंकून साफ केलं आणि तिच्या डॅशबोर्डवर ठेवलं.

"हे बिल धरा."

"कसलं मेलं बिल! पंख तुटलाय त्याचा."

"तरी बसलंय ना तुमच्याकडं तोंड करून?"

दुसऱ्या सोमवारी सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून त्यानं दारांच्या फटी बुजवल्या. तिसऱ्या सोमवारी केबिनच्या जमिनीखाली बर्फखान्याच्या भिंतीतला उरलेला कॉर्क अंथरला आणि टपाला चुना फासला. प्रत्येक वेळी थोडा गारवा वाढायचा… थोडाच. मग दोघं झरोक्यापुढं हात धरून बसायची, त्याचा काळा राकट पंजा आणि तिचा मोगऱ्यानं बरबटलेला. मध्ये चार बोटांचं अंतर. ते अंतर कुणी मोडत नव्हतं, आणि हात तर दोघांतलं कुणीच आधी काढत नव्हतं.

चौथ्या सोमवारी सुलू खाली वाकली नि ओरडली, "अरे, पाणी गळतंय!"

"गळती नाय ती. आतली हवा गार पडली की असे थेंब पडतात." तो हळूच म्हणाला, "बरं वाटलं की गाडीलाबी घाम फुटतो…"

"तुझ्या गाड्या बऱ्याच बोलतात रे."

"तुमचीच बोलते."

तिनं थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढं केला. स्वतःच्याच झाकणात. तो झाकणाकडं नुसता बघत राहिला. जानू मनोरच्या पलीकडच्या डोंगरातला. त्याचे आईबाप पावसाची शेती संपली की वीटभट्ट्यांवर जातात. माकुणसारच्या वाड्यांत त्याची माणसं येतात ती कुंपणं बांधायला, आळी खणायला. त्यांना पाणी मिळतं, नाही असं नाही, पण ओंजळीत, वरून ओतलेलं. देवधर्माचे लोक सगळे!

"घे ना," सुलू म्हणाली. "गार होईल. या ट्रकात काय गार होत नाय, निदान चहा तरी नको व्हायला."

त्यानं घेतला. दोन्ही हातांनी.

घरी तिला झोप यायची नाही. रखरखीत उन्हात कळ्या खुडताना ती मधेच थांबायची, उगाच सोमवार आठवायची. "भुतानं झपाटलंय कार्टीला," तिची आई, माई म्हणायची. भूतच ते. कानामागं पाना लावलेलं.

अक्षय तृतीयेला दादरची मोठी मागणी होती. सुलू करंड्या भरून निघाली. तांदुळवाडीचा घाट उतरून, वरईवरून हायवेला लागली आणि शिरसाडच्या अलीकडं एका ट्रकच्या मागं अडकली. डाव्या बाजूला बसून चालवायचं म्हणजे पुढच्या गाडीला मागं टाकताना समोरून काही येतंय का, ते दिसतच नाही. बाबा चालवायचे तेव्हा साहेब उजवीकडं बसून सांगायचा. आता उजव्या सीटवर करंड्या! कळ्या काय सांगणार? म्हणून सुलू आजवर कुणालाच ओलांडत नसे. ती रांगत राहिली. इंजिन तापलं. वारा कोमट झाला, मग गरम…

आणि केबिन घमघमली.

दुसऱ्या कुणाला तो वास आला असता तर तो 'वाहवा' म्हणाला असता. सुलूला रडू फुटलं. मिटलेली कळी एवढी दरवळत नाही. तिनं करंडीवरचं फडकं उचललं — सगळा मोगरा तोंड उघडून तिच्याकडं बघत होता.

दादरच्या व्यापाऱ्यानं एक करंडी चाचपली आणि हात झटकला. बस्स.

परतताना तिनं पाणी घालायला बॉनेट उघडलं. इंजिनातून केबिनमध्ये शिरणाऱ्या दोन रबरी नळ्यांवर मनगट टेकलं, आणि चर्र झालं. या नळ्या आत कशाला जातात? नि एवढ्या तापलेल्या? ती वरईला वळलीच नाही. तडक मनोरमार्गे बोईसर गाठलं.

जानू आत होता. दारात बर्फ भरणारा रामसुमेर भेटला. तिनं विचारायच्या आत तोच बोलला, "अरे दीदी, वो हीटर का पाइप अभी तक बंद नहीं किया? ठंडे मुलुक की गाड़ी है, अंदर सिगड़ी बैठी है। जानू तो पहिले ही दिन बोला था मेरे को!"

जानू बाहेर आला तेव्हा सुलू बर्फ ओढायच्या ओल्या फरशीवर उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून जाळ निघत होता.

"पहिल्या दिवशी कळलं होतं तुला?"

त्यानं खांद्यावरचा आकडा खाली ठेवला.

"बोल! का तोंडात बर्फ कोंबलाय?"

"कळलं होतं. आतल्या शेगडीत गरम पाणी फिरतं. नळीवर एक चावी बसवून ते पाणी अडवलं की काम खलास. बाकी केलं ते खोटं नाय केलं, पण… खरं काम मागं ठेवलं."

"का?"

"गाडी बरी झाली असती तर तुमी कशाला आला असता?"

"वाडीवर यायचं होतंस! रस्ता बंद होता?"

"माझ्यासाठी?" जानू पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ बघून बोलला. "तुमच्या अंगणात मी कोण म्हणून येऊ? कुंपण बांधायला? …गाडी होती म्हणून बोलता तरी येत होतं."

सुलूला ते खरं वाटलं. म्हणूनच ती जास्त भडकली. "आणि माझं काय? मेल्या, एरकंडिशन नाय चाललं तर गाडी भंगारात जायचीय माझी! मला विरारला नेऊन उजवतील! माझ्या कळ्यांच्या जिवावर प्रेम करत होतास?"

प्रेम हा शब्द आधी तिच्याच तोंडून निघाला. रामसुमेर उगाच बर्फावर भुसा टाकत राहिला.

"चावी बसव," ती म्हणाली.

त्यानं पितळी चावी बसवली. चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला. सुलूनं झरोक्यापुढं हात धरला, आणि कोपरापर्यंत काटा आला. असला गारवा! एवढ्याशा चावीसाठी चार सोमवार… तिनं तडक गाडी काढली. हात मात्र त्या वाऱ्यातून काढवेना.

दुसऱ्या दिवशी वाडीत करंड्या भरणं चालू होतं. अंगणात शेजारचे चार बागाईतदार, आणि बाकावर भंगारवाला पाय हलवत बसलेला. सुलू बापाशी वाद घालत होती. "आजची एक खेप. माल मिटलेला पोचला तर हा भंगारवाला आल्या वाटेनं परत जाणार. बोला!"

"नि उघडला तर?"

तेवढ्यात फाटकातून जानू आत आला. चप्पल काढली नाही, मान खाली घातली नाही. सरळ आत्मारामांपुढं उभा राहिला.

"बाबा, कालचा माल माझ्यामुळं उघडला. मला बिघाड ठाऊक होता, मी मुद्दाम ठेवला. पोरीची काय चूक नाय."

एक बागाईतदार खाकरला, "हा कोण रे डोंगरातला?"

"मुद्दाम?" आत्माराम काठी टेकत उठले. "का रे?"

"ती परत यावी म्हणून."

माईच्या हातातलं फडकं गळून पडलं. आत्मारामांचा चेहरा लाल झाला. "चालता हो!"

"तो चालणार नाय, बाबा, ट्रकात बसणार हाय," सुलू दार उघडत म्हणाली. तिनं किल्ली बरोबर भोकात घातली. "वाटेत काय झालं तर तोच निस्तरेल. त्यानं केलंय ना? …ए, बघतोस काय? हौद्यात चढ!"

कळ्या साहेबाच्या गादीवर गारव्यात, आणि जानू मागं तापलेल्या पत्र्यावर, उन्हात उभा. ट्रक तांदुळवाडीचा घाट उतरला. सुलूनं एक कळी झरोक्यात खोचली होती. आरशात जानूचा शर्ट फडफडताना दिसत होता. दिसू दे. भाज, म्हणावं. भाकरीसारखा भाज.

हायवेला परत तसंच, पुढं कौलांचा ट्रक, धूर सोडत रांगतोय. सुलूला पलीकडचं काही दिसेना. तेवढ्यात टपावर आवाज झाला — ठक, ठक!

तिनं काच खाली केली. "काय हाय?"

"रस्ता रिकामा हाय! घ्या पुढं!" हौद्यात उभं राहून त्याला सगळं दिसत होतं.

सुलू घाबरली. एक क्षण. ज्यानं चार सोमवार आपल्याला फसवलं त्याच्या शब्दावर आंधळ्यासारखी गाडी उजवीकडं घालायची?

तिनं घातली.

कौलांचा ट्रक मागं पडला. पुढचा रस्ता लख्ख. सुलू इतकी मोठ्यानं हसली की डॅशबोर्डवरचं फुलपाखरू थरथरलं.

शिरसाडच्या अलीकडं तिनं गाडी कडेला घेतली. उतरली. जानूचा चेहरा उन्हानं तांबडाबुंद झाला होता.

"उतर. ठोकून ठोकून टपाला पोचे पाडशील."

"मग?"

तिनं उजवीकडचं दार उघडलं. करंड्या सरकवल्या. सरकवूनही एक उरलीच. ती तिनं त्याच्या हातात दिली. "मांडीवर घे. सांडलीस तर तुला सांडीन."

तो बसला. गारव्यानं त्याचे दात वाजायला लागले.

"बंद करू काय?"

"नको… माल उघडेल." मग करंडीत बघत म्हणाला, "सुलूबाय, काल तुमी म्हणालात तो शब्द… मी आधी बोलायला हवा होता."

"मग बोल आता. आणि ते तुमी-बिमी बंद कर."

गाडी हायवेला लागली होती. झरोक्यातली कळी अजून घट्ट मिटलेली.

"तू मला हवी हायस," जानू म्हणाला. "गाडी चालली तरी, नाय चालली तरी."

सुलूच्या कानाच्या पाळ्या एरकंडिशन असूनही तापल्या. पुढं एक एस.टी. संथ चालली होती. तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"बघ, रिकामा हाय?"

तो खिडकीतून बाहेर वाकला. घाई केली नाही, उशीरही केला नाही.

"एक टँकर येतोय… थांब… अजून थांब…" त्याचा एक हात करंडीवर, दुसरा तिच्या कोपराशी. "गेला… आता, सुलू! घे!"

आणि तिनं घेतली.