तळ्याच्या अलीकडे

ताईच्या पत्राला मामांनी सात वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता : ‘हे गेले तेव्हा तू जवळ होतास. फार त्रास झाला का रे त्यांना?’

काय लिहिणार? मामा आणि भाऊजी खिंडीपलीकडचं तळं बघायला निघाले होते. वाटेत भाऊजींना मधमाशी चावली. ते हसले, ‘जरा तोंड धुऊन येतो’ म्हणाले आणि खडकाआड गेले. मामा झाडाखाली पुस्तक वाचत बसले. ते उठून बघायला गेले, तेव्हा सगळं संपलं होतं. पुस्तकाचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

जन्मभर पुस्तकबांधणीचं काम करून झाल्यावर, आता सत्तरीत, त्यांच्या मनानं घेतलं की ते तळं पाहिलं तर उत्तर सुचेल. ताईची मुलगी नर्स होती. ती रजा टाकून सोबत निघाली. वनखात्याच्या चौकीपर्यंत जीपचा रस्ता होता, पण मामांनी हट्टानं भाऊजींचीच पायवाट धरली. वाट दाखवायला रानातला मध काढणारी एक बाई मिळाली. मामांच्या पिशवीतली तीन पुस्तकं पाहून तिनं दोन झाडाच्या ढोलीत ठेवायला लावली. परत येईस्तोवर वाळवी वाचेल म्हणाली.

पहिल्या दिवशी ओढा छातीपर्यंत चढला होता. कमरेला दोर बांधून तो पार केला. दुसऱ्या दिवशी दरड पायाखालून सरकली, मामा दहा हात घसरले! तिसऱ्या सकाळी चौकी मागे टाकून ते पठारावर आले, तर फुलं अशी दाटलेली की पाऊल ठेवायला मन होईना. धुक्यातून ऊन झिरपत होतं, मधमाश्यांची गुणगुण जमिनीतूनच उमटल्यासारखी वाटत होती, आणि मामा झोपेत चालावं तसे चालले होते.

तेवढ्यात मानेवर डंख!

भाची बरीच मागे राहिली होती. मधवालीनं नखानं काटा खरवडून काढला. तिला आजवर शेकड्यांनी चावल्या होत्या. आता तुम्ही आमच्यातले झालात, म्हणाली आणि पुढे निघाली.

मामांचे तळहात खाजू लागले. ओठ जड झाले. घसा आवळला. हे सारं त्यांच्या ओळखीचंच होतं. चार माणसांत बोलायची वेळ आली की कानशिलं तापायची, आवाज बसायचा. आपलाच भित्रेपणा, म्हणून त्यांनी सोडून दिलं. बाहीखाली गांधी उठल्या होत्या, त्या दिसल्या नाहीत. पोटात ढवळलं. मग पाय जमिनीवर आहेत की नाहीत तेच कळेना. फुलं हळूहळू वर तरंगू लागली, खिंड जवळ येऊन पुन्हा लांब जाऊ लागली. वाईट काही नव्हतं. फक्त आत कुठेतरी वाटत होतं, आता काहीतरी भयंकर होणार. दोघींना कशाला त्रास? आडोशाला बसावं झालं.

“जरा तोंड धुऊन येतो,” मामा म्हणाले.

आणि जागीच थबकले. हे भाऊजींचे शब्द!

ते वळले. उभ्या आयुष्यात ज्यानं कुणाला मोठ्यानं हाक मारली नव्हती, त्या माणसानं मारली. घोगरी, फाटकी, पण मारली!

भाची धावत आली. तिनं सुजलेले ओठ पाहिले, बाही वर सारली, श्वासातली शिट्टी ऐकली. मामांना आडवं केलं. पाय पिशवीवर ठेवले. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन-पेन विजारीवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबलं! मधवाली त्यांना पाण्याकडे न्यायला हात देत होती.

“उठवू नका,” भाची म्हणाली. “उभे राहिले तर रक्तदाब आणखी पडेल. तुम्ही चौकीवर पळा.”

पाच मिनिटं गेली, तरी घसा सुटेना. दुसरं पेन! मग कुणी गाठ सैल करावी तसा श्वास हळूहळू मोकळा झाला. माश्यांची गुणगुण परत ऐकू येऊ लागली.

तासाभरानं चौकीतली माणसं डोली घेऊन आली. मामांना आता बरं वाटत होतं. खिंड समोरच होती, तळं तिच्या पलीकडे.

“औषध उतरलं की डंखाची ही अ‍ॅलर्जी पुन्हा उलटते कधीकधी,” भाची म्हणाली. “आता दवाखाना.”

मामांनी मान वळवली. “तुझ्या बाबांना हेच झालं होतं का गं?”

“मला वाटतं, हो. म्हणून तर दोन पेनं घेऊन फिरते.”

दवाखान्यातल्या खाटेवर मामांनी कागद मागितला. त्यांनी लिहिलं : ‘ताई, कापसात बुडावं तसं होतं. दुखत नाही फारसं. भीती मात्र वाटते, आणि तरी हाक मारावीशी वाटत नाही. मी मारली, ती तुझ्या लेकीनं ऐकली. भाऊजींनी मारली असेल, तर मी ऐकली नाही. मी वाचत होतो.’

घरी सोडल्यावर कोपऱ्यावरच्या टपालपेटीपुढे ते बराच वेळ उभे राहिले. मी टाकू का, असं भाचीनं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, पाकीट आत सरकवलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन उभे राहिले.